बॉन्ड्स बाहेर, बेन्स आत: कूपर्सटाउनचं गणित नेमकं कुठे अडतं

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात तो प्रश्न थोडक्यात असा आहे. बॅरी बॉन्ड्सने ७६२ होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे फटके) मारले, मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, इतिहासात कुणीच एवढे मारले नाहीत, तरी तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानाच्या दालनाच्या, बाहेर. आणि हॅरल्ड बेन्स, ज्याला त्याच्या भर काळातही कुणी लीगमधला सर्वोत्तम म्हटलं नाही, तो आत. मग हे निवडतं कोण, पत्रकारांकडे हे काम दिलं कुणी, आणि ज्या खेळात शिंकलं तरी आकडा नोंदवला जातो तिथे मतदान कशाला, सरळ आकड्यांवर घ्या ना.

मी अमेरिकेत बरीच वर्षं आहे, सुट्टीच्या दिवशी इकडच्या हौशी लीगच्या मॅचेसना स्कोअरर म्हणून बसतो, पोटापाण्याचं कामही आकड्यांचंच, त्यामुळे दर हिवाळ्यात या भांडणात मी असतोच. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको: लोक भांडतात खेळाडूंवरून, पण निकाल लावतात ते नियम. किती नावांवर खूण करायची, किती टक्के हवेत, किती टक्क्यांखाली नाव कायमचं जातं, हे तीन आकडे. स्टेरॉइडचा, म्हणजे बॉन्ड्ससारख्यांनी ताकद वाढवणारी औषधं घेतल्याच्या संशयाचा, वाद रंगतो कारण त्यात मसाला आहे, पण माझ्या मते त्याहून मोठा अन्याय या तीन आकड्यांनी केलाय आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही.

आधी व्यवस्था काय आहे ते. हॉल ऑफ फेम हे न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या छोट्या गावातलं म्युझियम आहे, आणि ते मेजर लीगच्या मालकीचं नाही, वेगळी संस्था आहे, स्वतःचं बोर्ड आहे, नियम तेच बोर्ड करतं. मतदान करतात बेसबॉल रायटर्स असोसिएशनचे पत्रकार, सलग दहा वर्षं सदस्य असलेले. हे १९३६ पासून चालू आहे. त्या काळी टीव्ही नव्हता, गावोगावच्या मॅचेस रोज प्रत्यक्ष बघणारी माणसं म्हणजे पेपरवाले, तेव्हा त्यांच्याकडे जाणं स्वाभाविकच होतं. खेळाडूने किमान दहा सीझन खेळलेले असावेत, रिटायर होऊन पाच वर्षं झालेली असावीत, मग त्याचं नाव मतपत्रिकेवर येतं. मतदाराने जास्तीत जास्त दहा नावं निवडायची. ७५ टक्के मिळाले की आत. ५ टक्क्यांपेक्षा कमी मिळाले तर पुढच्या वर्षी नावच नाही. मधे अडकलेल्यांना दहा वर्षं मिळतात (२०१४ पर्यंत पंधरा मिळायची), तेवढ्यात झालं तर झालं नाहीतर मग समिती, तिच्याकडे येतो नंतर.

७५ टक्के म्हणजे किती कडक हे पहिल्याच वर्षी दिसलं. २२६ मतपत्रिका होत्या, टाय कॉबला २२२, बेब रूथ आणि होनस वॅग्नरला प्रत्येकी २१५, शिवाय क्रिस्टी मॅथ्युसन आणि वॉल्टर जॉन्सन, बस, पाचच जण. म्हणजे बेब रूथला ११ लोकांनी नाही म्हटलं! आणि साय यंग, ५११ विन्स (त्याच्या नावावर जमा झालेले टीमचे विजय) असलेला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, ज्याच्या नावाने आज पिचरचं सगळ्यात मोठं बक्षीस देतात, तो त्या वर्षी पडला, पुढच्या वर्षी जेमतेम ७६ टक्क्यांनी आत आला. जो डिमॅजिओलाही पहिल्या प्रयत्नात मिळालं नाही. सगळ्यांची मतं मिळालेला माणूस आजवर एकच, मारियानो रिव्हेरा, २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५. पुढच्या वर्षी डेरेक जीटरचं एक मत गेलं, २०२५ मध्ये इचिरो सुझुकीचं एक मत गेलं, ३९४ पैकी ३९३. ते मत कुणाचं हे बाहेर आलेलं नाही. इचिरोने मात्र मजेत सांगितलं की त्या माणसाला मला घरी बोलावून एक ड्रिंक घ्यायचंय त्याच्यासोबत.

आता दहाच नावांचा नियम का डोक्यात जातो ते एकाच मतपत्रिकेवरून दाखवतो, २०१४ ची. ती समोर ठेवून कुणालाही म्हणा, दहा निवड. ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅव्हिन, फ्रँक थॉमस, हे तिघे त्या वर्षी निवडून आले. क्रेग बिजिओ, माइक पियाझा, जेफ बॅगवेल, टिम रेन्स, एडगर मार्टिनेझ, माइक मुसिना, लॅरी वॉकर, हे सात जण नंतरच्या वर्षांत पत्रकारांच्याच मतांनी आत गेले. झाले दहा, भरली पत्रिका. पण थांबा, जॅक मॉरिस, ॲलन ट्रॅमेल, ली स्मिथ, फ्रेड मॅकग्रिफ, जेफ केंट पण तिथेच होते आणि ते पाचही पुढे समितीमार्फत आत गेले. म्हणजे एकाच कागदावर पंधरा भावी हॉल ऑफ फेमर आणि रकाने दहा. शिवाय बॉन्ड्स, रॉजर क्लेमेन्स, कर्ट शिलिंग, मार्क मॅकग्वायर, सॅमी सोसा वेगळेच. प्रामाणिक मतदाराने करायचं काय? मॅडक्स तर येणारच, मग माझं मत वॉकरला देऊ का, असले हिशेब सुरू होतात, आणि एकदा असे हिशेब सुरू झाले की ते मत खेळाडूबद्दलचं मत राहत नाही. बिजिओ त्या वर्षी दोन मतांनी हुकला. ५७१ पैकी ४२९ हवी होती, पडली ४२७. तीन हजारांवर हिट्स (बॉल मारून बेस गाठणं) असलेला माणूस, आणि त्याच वर्षी एका पत्रकाराने फक्त मॉरिसला मत देऊन मॅडक्सलासुद्धा नाही म्हटलं होतं, कारण काय तर स्टेरॉइडच्या काळात खेळलेल्या कुणालाच देणार नाही. अहो मॅडक्सवर कधी साधा संशयसुद्धा नव्हता. (मॉरिसही त्या काळात थोडा खेळलाच होता, पण जाऊ दे.) पत्रकारांच्या संघटनेने नंतर दहाचे बारा करा अशी मागणी केली, हॉलच्या बोर्डाने ती मानली नाही.

५ टक्क्यांचा नियम तर त्याहून वाईट. लू व्हिटेकर हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. डेट्रॉईटचा सेकंड बेसमन, आणि त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपला (दोन्ही फील्डिंगच्या जागा) ट्रॅमेल, वर ज्याचं नाव आलं तोच. दोघांचा डेब्यू एकाच दिवशी, सप्टेंबर १९७७ मध्ये बोस्टनला, पुढे जवळजवळ दोन दशकं ही जोडी एकत्र खेळली, १९८४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, एकत्र जिंकले. आकडे बघाल तर व्हिटेकर काकणभर वरचाच निघेल. ट्रॅमेल पंधरा वर्षं मतपत्रिकेवर कसाबसा टिकून राहिला, निवडून आला नाही, पण नाव चर्चेत राहिलं आणि शेवटी समितीने २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्याला घेतलं. व्हिटेकरला २००१ मध्ये पहिल्याच वर्षी २.९ टक्के पडले आणि खेळ खलास. समितीपुढे तो आला तो थेट २०१९ मध्ये, १६ पैकी ६ मतं मिळाली, अजून बाहेरच आहे. केनी लॉफ्टन, जिम एडमंड्स, योहान सांताना, सगळे असेच पहिल्या फेरीत कटले. आणि या लोकांना कुणी नालायक ठरवलं नव्हतं बरं का, गर्दीच्या पत्रिकेत अकराव्या-बाराव्या नंबरला होते एवढंच.

बरं, पहिल्या वर्षी कटणं एवढं महाग का पडतं? कारण टिकून राहिलेल्यांचं मत बदलतं. स्कॉट रोलेनला २०१८ मध्ये १०.२ टक्के होते, २०२३ मध्ये ७६.३. मधल्या काळात त्याने काय एक बॉल तरी अडवला का? रिटायर माणूस, घरी बसलेला. लॅरी वॉकर २०१४ मध्ये १०.२ वर होता, २०२० मध्ये दहाव्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नात ७६.६, गरजेपेक्षा फक्त सहा मतं जास्त. बर्ट ब्लायलेव्हन १४ टक्क्यांवरून चौदाव्या वर्षी आत आला. लोक याला हसतात, की बाबा तो तेव्हा लायक नव्हता आणि आता झाला का. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ब्लायलेव्हनच्या वेळी लोक पिचरच्या विन्स मोजत होते, २८७ आहेत, ३०० नाहीत, म्हणून नको, आणि विन्स तर अर्ध्या तुमच्या टीमच्या बॅटिंगवर असतात. नंतर कळलं की हा बुवा खराब टीम्ससाठी ३७०१ स्ट्राइकआउट (बॅटरला बॉल मारू न देता बाद करणं) काढत होता. वॉकरचं तसंच, तो बरीच वर्षं डेन्व्हरच्या टीमकडून खेळला, तिथल्या विरळ हवेत बॉल लांब जातो म्हणून त्याची बॅटिंग खोटी धरली होती, पार्कचा (मैदानाचा) फायदा वजा करणारे आकडे सगळ्यांच्या हातात आल्यावर त्याचं खरं वजन दिसलं. दुसरं म्हणजे मतदार बदलले. २०१५ मध्ये नियम आला की दहा वर्षांहून जास्त काळ बेसबॉल कव्हर न केलेल्यांचा मताधिकार बंद, आणि एका फटक्यात मतपत्रिका ५४९ वरून ४४० वर आल्या.

इथे तुमचा आकड्यांचा मुद्दा येतो. वॉर नावाचा एक आकडा आहे, लढाईशी संबंध नाही, कामचलाऊ बदली खेळाडूपेक्षा या माणसाने टीमला किती विन्स जास्त मिळवून दिल्या याचा अंदाज. त्यावरून जे जॅफी नावाच्या लेखकाने एक मोजमाप काढलं, पूर्ण करिअरचा वॉर आणि सगळ्यात चांगल्या सात सीझनचा वॉर यांची सरासरी काढायची आणि त्या पोझिशनच्या आधीच्या हॉल ऑफ फेमरशी ताडून बघायची. उत्तम साधन आहे, मी रोज वापरतो. पण त्यावर सरळ रेघ मारून आत-बाहेर करा म्हणाल तर माझा विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नाही. वॉरच दोन प्रमुख प्रकारचा आहे आणि पिचरच्या बाबतीत दोन्ही कधीकधी चांगलेच वेगळे बोलतात. बिली वॅग्नर २०२५ मध्ये दहाव्या प्रयत्नात आत आला, ४२२ सेव्ह (आघाडी राखून संपवलेल्या मॅचेस), पण मॅचच्या नऊ इनिंगपैकी शेवटच्या इनिंगला येणारा पिचर, करिअरभरात मिळून ९०३ इनिंग टाकल्या, त्यामुळे त्याचा वॉर ३० च्याही खाली आहे. व्हिटेकरचा ७५. रेघ मारली तर रिव्हेरा सोडून शेवटी येणारा एकही पिचर आत जाणार नाही. पिचर सँडी कोफॅक्स तिसाव्या वर्षीच रिटायर झाला, १६५ विन्स, एकूण बेरजेत मार खाईल, पण त्याची शेवटची काही वर्षं बघितलेल्या माणसाला जाऊन सांगा बरं की हा बसत नाही. आणि मी स्वतः स्कोअररच्या खुर्चीत बसतो म्हणून सांगतो, शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हला लागून बॉल सुटला की हिट द्यायचा की एरर (फील्डरची चूक), हे दोन-चार सेकंदांत एक माणूस ठरवतो, आणि संध्याकाळी तोच आकडा पवित्र होऊन बसतो.

निग्रो लीग्जचं उदाहरण तर सगळ्यात बोलकं. काळ्या खेळाडूंना १९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये घेतच नव्हते, त्यांच्या वेगळ्या लीग्ज होत्या, सीझन छोटे, नोंदी अर्धवट. जॉश गिब्सनला बेरजेच्या आकड्यांवर मोजायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. १९७१ मध्ये खास समितीने सॅचेल पेजला घेतलं, २००६ मध्ये दुसऱ्या खास समितीने एकदम सतरा जण घेतले, त्यात एफा मॅनली, आजवर निवडली गेलेली एकमेव बाई, टीमची मालकीण. संशोधकांनी जुन्या पेपरांतले बॉक्स स्कोअर (मॅचेसचे तक्ते) शोधून शोधून जोडले तेव्हा कुठे मेजर लीगने ते आकडे २०२४ मध्ये अधिकृत धरले आणि गिब्सनची .३७२ ची बॅटिंग सरासरी कॉबच्या वर गेली. तो कूपर्सटाउनमध्ये १९७२ पासून होता. माणसांनी आधी ओळखलं, आकडे पन्नास वर्षांनी पोचले.

आता बेन्स. पत्रकारांनी त्याला कधीच ६.१ टक्क्यांपेक्षा जास्त दिले नाहीत. २०१८ च्या डिसेंबरमध्ये समितीने घेतला. समिती म्हणजे सोळा माणसं, जुने हॉल ऑफ फेमर, टीमचे मोठे अधिकारी, काही पत्रकार, हॉल नेमतं. १२ मतं लागतात आणि बेन्सला बरोबर १२ मिळाली. त्या सोळांत टोनी ला रूसा होता, जो त्याचा मॅनेजर (टीमचा मुख्य कोच) होता, आणि जेरी राइन्सडॉर्फ होता, जो त्याच्या टीमचा मालक. बेन्सबद्दल माझी तक्रार नाही, २८६६ हिट्स आहेत, खेळाडूंच्या दोन संपांत सीझन कापले गेले नसते तर ३००० झालेही असते आणि मग कुणी ब्र काढला नसता. पण आपल्याच माणसांच्या मतावर आत जाणं चांगलं दिसत नाही. आणि हे नवीन नाही, सत्तरच्या दशकात फ्रँकी फ्रिश आणि बिल टेरी समितीत असताना त्यांचे जुने सहकारी, जेसी हेन्स, चिक हेफी, जॉर्ज केली, रांगेने आत गेले. आज कमकुवत हॉल ऑफ फेमरची यादी काढली तर ही नावं हमखास निघतात, आणि मग एखाद्या खेळाडूची बाजू मांडणारा प्रत्येक जण म्हणतो, केली आत आहे तर माझा का नको. हा युक्तिवाद मी ऐकूनच घेत नाही. त्या न्यायाने निम्मं गाव आत येईल.

गणित इथेही आहेच. समितीपुढे आठ नावं, प्रत्येक सदस्याला तीनच मतं. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. एकाला १२ हवीत. म्हणजे चारपेक्षा जास्त येणं शक्यच नाही आणि मतं थोडी जरी विखुरली तरी कुणीच नाही. डिक ॲलन २०१४ मध्ये एका मताने पडला, २०२० मध्ये वारला, २०२१ मध्ये पुन्हा एका मताने पडला, आणि मग २०२४ च्या डिसेंबरमध्ये १३ मतांनी आला. त्याच्यासोबत निवडला गेलेला डेव्ह पार्कर २०२५ च्या समारंभाला महिनाभर उरला असताना वारला. त्याला निदान निवड झाल्याचं कळलं तरी.

मग बॉन्ड्स. मतदारांना दिलेल्या नियमात निवडीचे निकष लिहिलेत, खेळाची नोंद, कौशल्य, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य, टीमला दिलेलं योगदान. सहातले तीन वागणुकीचे, आणि कशाचीच व्याख्या नाही. १९४५ पासून हे असंच आहे. बॉन्ड्स आणि क्लेमेन्स दहा वर्षांत छत्तीस-सदतीस टक्क्यांवरून ६५-६६ पर्यंत चढले आणि २०२२ मध्ये मुदत संपली. समितीने २०२२ ला दोघांना चारपेक्षाही कमी मतं दिली, २०२५ ला पाचपेक्षा कमी, आणि नवा नियम असा की पाचपेक्षा कमी मिळाली तर पुढची फेरी बंद, दुसऱ्यांदा तसंच झालं तर कायमचं बंद. थोडक्यात दार लावून घेतलंय.

माझं विचाराल तर बॉन्ड्सला घ्यावं, आणि हॉलमधल्या त्याच्या पाटीवर सगळं लिहावं. तो कायद्याच्या आणि खेळाच्या नजरेत शिक्षा न झालेला माणूस आहे, लीगने त्याला ड्रग्जसाठी एक दिवसही सस्पेंड केलं नाही, टेस्टिंगला शिक्षेची जोड मिळाली तीच २००४ पासून. आणि ज्या कमिशनरच्या, म्हणजे लीगच्या प्रमुखाच्या, काळात हे सगळं डोळ्यांदेखत चाललं तो बड सीलिग स्वतः २०१७ मध्ये आत गेला. सीलिग निवडून आल्यावर लगेच पुढच्या मतदानात बॉन्ड्स ४४ वरून ५४ टक्क्यांच्या आसपास गेला तो उगीच नाही, बऱ्याच पत्रकारांना हे पचलं नाही. मॅनी रामिरेझ आणि ॲलेक्स रॉड्रिग्ज यांचं वेगळं, नियम आणि शिक्षा दोन्ही ठाऊक असताना ते पकडले गेले, त्यांना मी मत दिलं नसतं. राफाएल पाल्मेरो तर दोघांच्याही आधीचं उदाहरण, ५६९ होमरन आणि ३०२० हिट्स, ५०० आणि ३००० हे दोन्ही जादुई आकडे पार केलेला, २००५ मध्ये संसदेच्या समितीपुढे बोट नाचवून मी कधी घेतलं नाही म्हणाला, काही महिन्यांत टेस्ट पॉझिटिव्ह, आणि चौथ्या वर्षी ४.४ टक्क्यांवर नाव कटलं.

पीट रोजचं सगळे विचारतात म्हणून दोन ओळी. ४२५६ हिट्स, स्वतःच्याच टीमवर सट्टा लावला, १९८९ मध्ये आजीवन बंदी, आणि १९९१ मध्ये हॉलने नियमच केला की बंदी असलेल्याचं नाव पत्रिकेवर येणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वारला, मे २०२५ मध्ये कमिशनरने ठरवलं की बंदी मृत्यूबरोबर संपते. त्याच्या काळाचा विचार करणारी समिती आता डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. त्याआधी दुसरी एक समिती छाटणी करून आठ नावं निवडते, तिथेच तो राहतो की जातो ते बघा.

माझ्या हातात असतं तर तीन बदल उद्या केले असते. दहाची मर्यादा काढून टाका, लायक वाटतो तर हो, नाही तर नाही. पहिली तीन वर्षं ५ टक्क्यांचा नियम लावू नका. आणि सगळ्या मतपत्रिका उघड करा. हे शेवटचं पत्रकारांनी स्वतः मोठ्या बहुमताने २०१६ मध्ये मागितलं होतं, हॉलच्या बोर्डाने नाही म्हटलं, त्यामुळे आज कुणी आपली पत्रिका जाहीर करतं, कुणी करत नाही, आणि काही चाहते जाहीर झालेल्या गोळा करून जानेवारीभर टक्केवारी मोजत बसतात. त्यात दर वर्षी दिसतं की पत्रिका लपवणारे मतदार बॉन्ड्स-क्लेमेन्सला बऱ्यापैकी कमी मतं देत होते. तेव्हा निकालाआधी कुणी ७७-७८ टक्क्यांवर दिसला तर पेढे आणू नका, अंतिम निकालात तो ७३ वर येऊ शकतो.